फाईल कुलूपबंद करणारी डबी: कंट्रोलर कुठला घ्यायचा, मेमरी कुठली

मागच्या रविवारी भाची घरी आली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, हातात अर्डुइनो उनो हा शिकाऊ बोर्ड आणि एसडी कार्डाचं ते निळं मॉड्यूल, चपला काढता काढताच विचारलं, मामा यावर एईएस चालतं ना?

चालतं. (एईएस म्हणजे फाईल एन्क्रिप्ट करायची, गुप्त आकड्याशिवाय वाचता येऊ नये अशी घुसळून टाकायची, ठरलेली पद्धत.) पण थांब म्हणलं, बस आधी, चहा घे.

त्यांच्या ग्रुपचा प्रोजेक्ट असा आहे: पेन ड्राइव्हएवढी डबी, वरती पाच-सहा बटणं, पिन दाबला की आतल्या फायली कॉम्प्युटरला दिसतात, नाही दाबला तर आत नुसता कचरा. आणि हे तिच्या डोक्यात आलं ते घरातल्याच गोष्टीवरून. दाजींचं टॅक्सचं काम आहे, लोकांचे पॅन, बँकेचे स्टेटमेंट, सगळं पेन ड्राइव्हमध्ये, आणि मध्यंतरी कॉलेज रोडला एका झेरॉक्सच्या दुकानात तो ड्राइव्ह राहून गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला, पण तोपर्यंत घरात कुणी नीट जेवलं नव्हतं. आणि मिळाला तरी मधल्या वेळात कुणी कॉपी मारली का हे आता कधीच कळणार नाही, कारण फायलीला हात लागल्याची खूण राहत नाही. मला तिचा प्रोजेक्ट म्हणूनच आवडला, त्यामागे खरी गरज आहे.

मी नाशिकला अंबडमध्ये बोर्ड डिझाइनचं काम करतो, कंट्रोलर, म्हणजे बोर्ड चालवणारी मुख्य चिप, निवडणं हे रोजचंच, आणि नवीन माणूस नेहमी एकाच टोकापासून सुरुवात करतो, किती मेगाहर्ट्झ, किती बिट, एईएस आहे का. मी तिला म्हणलं ते सगळं नंतर, आधी दोन प्रश्नांची उत्तरं दे. फाईल या डबीत येणार कुठल्या वाटेने? आणि किल्ली राहणार कुठे? (एन्क्रिप्शनच्या त्या गुप्त आकड्याला मी किल्लीच म्हणतो, आमच्याकडे सगळे तेच म्हणतात.) चिप या दोन प्रश्नांवरच ठरते, बाकीचं त्यामागून येतं.

पहिला प्रश्न घेऊ, वाटेचा.

उनो आर३ वर जो मोठा एटमेगा३२८पी आहे त्याला यूएसबी येतच नाही. बोर्डवर शेजारी एक छोटी चिप आहे, ती यूएसबीचं सिरीयल (एका तारेवर एकामागून एक बिट) करून देते, म्हणजे मुख्य चिपपर्यंत येतं ते सिरीयलच. ११५२०० बॉड (सेकंदाला तेवढे बिट) घेतलं तर एका बाईटला स्टार्ट-स्टॉप धरून १० बिट, म्हणजे सेकंदाला ११,५२० बाईट. आता हिशोब कर, ५ एमबीची एक पीडीएफ, सात मिनिटांच्या वर. १ जीबी म्हटलं तर जवळजवळ २६ तास. आणि एईएसचं काय? त्या ८ बिटच्या चिपवर चांगला लिहिलेला एईएस-१२८ एका १६ बाईटच्या ब्लॉकला अडीच-तीन हजार सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके) घेतो, १६ मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण ९० केबी. म्हणजे ज्या एईएसची तिला काळजी होती तो सिरीयलच्या आठपट वेगाने मोकळा बसलेला आहे, अडकलंय ते पाइपात.

गंगापूर धरण काठोकाठ भरलेलं असू दे, तुमच्या बागेत ड्रिपर तासाला ४ लिटरचा असेल तर वेलीला तासाला ४ लिटरच मिळणार. हे तिला लगेच पटलं, कारण आजोळी द्राक्षबाग आहे, ड्रिपर चोंदला की काय होतं ते तिने पाहिलंय.

शिवाय उनोची रॅम २ केबी. एसडी कार्ड ५१२ बाईटच्या ठोकळ्यांनी बोलतं, एक ठोकळा हातात धरला की चौथाई रॅम संपली, मग फाईल सिस्टीम, एईएसच्या राउंडच्या किल्ल्या, सगळं दाटीवाटीने. एलईडी लुकलुकवायला, सेन्सर वाचायला उनो उत्तमच आहे, या कामाला नाही.

तर पहिली अट, कंट्रोलरलाच यूएसबी पाहिजे. इथे दोन जाती येतात आणि इथेच बरेच लोक फसतात. एक फुल स्पीड, नाव फुल असलं तरी तो जुना १२ मेगाबिटवाला, आणि दुसरा हाय स्पीड, ४८० मेगाबिट. फुल स्पीडमध्ये दर मिलिसेकंदाला ६४ बाईटची जास्तीत जास्त १९ पाकिटं जातात, म्हणजे सेकंदाला १२,१६,००० बाईट, ढोबळ १.२ एमबी, आणि प्रत्यक्षात पेन ड्राइव्हसारखं वागवलं तर १ एमबीच्या आसपास. ती ५ एमबीची पीडीएफ पाच सेकंदात, १ जीबीला पंधरा-सतरा मिनिटं. दाजींच्या कामाला हे पुरेसं आहे खरं तर, त्यांच्या सगळ्यात मोठ्या फायली स्कॅन केलेल्या पीडीएफ. व्हिडिओ ठेवायचे असतील तर मात्र फुल स्पीडवर जीव जाईल.

हाय स्पीडची गोम अशी की डेटाशीटच्या (चिपच्या माहितीपत्रकाच्या) पहिल्या पानावर हाय स्पीड लिहिलेलं असतं पण त्यासाठी लागणारा फिजिकल लेयरचा भाग, ज्याला आपण फाय म्हणतो, तो चिपच्या आत असेलच असं नाही. एसटीएम३२एफ४०५ किंवा एफ४०७ घ्या, आत हाय स्पीडचा कंट्रोलर आहे, पण फाय फक्त फुल स्पीडचा, हाय स्पीड पाहिजे तर बाहेर यूएसबी३३०० सारखी वेगळी चिप लावा, तिच्याकडे डझनभर पिना जातात, ट्रॅक सारख्या लांबीचे ठेवा, डबी मोठी होते, आणि पहिल्यांदाच पीसीबी (सर्किटचा बोर्ड) करणाऱ्या मुलींना हे मी सांगणार नाही. फाय आत असलेल्या चिपा आहेत. एसटीएम३२एफ७३३ मध्ये आहे, एनएक्सपीच्या एलपीसी५५एस६९ मध्ये आहे, टीन्सी ४.१ या बोर्डावर जो आयएमएक्स आरटी१०६२ आहे त्यातही आहे. म्हणून डेटाशीट उघडली की पहिल्या पानावर विसंबायचं नाही, यूएसबीच्या प्रकरणात जाऊन फाय आत आहे की बाहेर एवढं शोधायचं.

आता एईएस. २००१ पासून अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचं ते स्टँडर्ड आहे, बनवलं दोन बेल्जियन माणसांनी, योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमन. १६ बाईटचा ब्लॉक घ्यायचा, किल्लीसोबत घुसळायचा, १२८ बिटच्या किल्लीला १० राउंड, २५६ च्या किल्लीला १४. म्हणजे २५६ वापरला की काम साधारण ४० टक्के वाढतं. भाचीचा प्रश्न होता की एईएसचं हार्डवेअर इंजिन, म्हणजे तेवढंच काम करणारं आतलं वेगळं सर्किट, असलेलीच चिप घ्यायची ना? मी म्हणलं हिशोब करू. एफ४०५, १६८ मेगाहर्ट्झ, कॉर्टेक्स एम४. चांगला सॉफ्टवेअर एईएस-१२८ बाईटमागे ४० सायकलच्या आसपास घेतो, २५६ ला ५५-५६ धर, म्हणजे सेकंदाला ३ एमबी. पाइप किती? १.२. म्हणजे फुल स्पीडवर सॉफ्टवेअरच पाइपाच्या दुप्पट-अडीचपट पुढे आहे, इंजिनासाठी जास्तीचे पैसे कशाला. तेच हाय स्पीडवर गेलीस की कार्डातून २०-२५ एमबी येतील आणि ३ एमबीचा सॉफ्टवेअर एईएस गळ्याला फास होईल, तिथे इंजिन पाहिजेच. हे इतकं सरळ आहे पण लोक उलटं करतात, इंजिनवाली महाग चिप घेतात आणि ती फुल स्पीडच्या पाइपाला जोडतात.

त्यातही बघून घ्यायचं की इंजिनाला जमतं काय काय. टीन्सी ४.१ ची चिप ६०० मेगाहर्ट्झची दणकट आहे, पण तिच्यातलं डीसीपी नावाचं इंजिन फक्त १२८ बिटची किल्ली घेतं. १२८ बिट कमजोर आहे असं अजिबात नाही, पण रिपोर्टमध्ये एईएस-२५६ लिहून बसलात आणि मग हे कळलं तर पंचाईत. आणि ज्या चिपेत इंजिनच नाही तिथे चाचा२० हा दुसरा पर्याय आहे, डॅनियल बर्नस्टाइन या संशोधकाने २००८ मध्ये काढलेला, नुसती बेरीज, एक्सॉर आणि बिट फिरवणं, ३२ बिटच्या साध्या कंट्रोलरवर एईएसपेक्षा भराभर पळतो आणि टेबल वापरत नसल्यामुळे वेळ मोजून किल्ली ओळखायचा जो प्रकार आहे तोही त्याच्यावर चालत नाही.

मोडबद्दल दोन शब्द, कारण इथे चूक झाली तर चिप कितीही भारी असून उपयोग नाही. एईएस एका वेळी १६ बाईटच बघतो, आख्ख्या फायलीला तो कसा लावायचा त्याला मोड म्हणतात. सगळ्यात सोपा ईसीबी, प्रत्येक १६ बाईट सुटे सुटे एन्क्रिप्ट करायचे. येवल्याच्या पैठणीचा पदर डोळ्यासमोर आण, आणि समज विणकराने ठरवलं की हिरव्याच्या जागी प्रत्येक वेळी राखाडी, जांभळ्याच्या जागी प्रत्येक वेळी पिवळा, सोनेरीच्या जागी काळा. सगळे रंग बदलले, पण मोर? मोर तसाच दिसतोय ना. ईसीबीत हेच होतं, सारखा मजकूर सारखाच बाहेर पडतो आणि फायलीची नक्षी उघडी राहते. म्हणून ईसीबी नाही. आख्खी डिस्क एन्क्रिप्ट करायची असेल तर एक्सटीएस, तो २००७ मध्ये त्याच कामासाठी स्टँडर्ड झाला, सेक्टरचा, म्हणजे ५१२ बाईटच्या ठोकळ्याचा, नंबरच हिशोबात घेतो, त्यामुळे तोच मजकूर दुसऱ्या सेक्टरला वेगळा दिसतो आणि ५१२ बाईटचे ५१२ च राहतात. फक्त दोन किल्ल्या लागतात, म्हणून एईएस-२५६ चा एक्सटीएस म्हणजे ६४ बाईट सांभाळायचे. आणि तो लपवतो, पण कुणी मधले बाईट बदलले तर ओरडत नाही. ते ओरडणं पाहिजे असेल तर जीसीएम किंवा चाचा२०-पॉली१३०५, पण त्यांना प्रत्येक तुकड्यामागे १६ बाईटची मोहर आणि एक न वापरलेला नंबर साठवायला जागा लागते, ५१२ च्या सेक्टरमध्ये ती मावत नाही, मग फाईल एक-एक करून वेगळ्या फॉरमॅटमध्ये ठेवावी लागते. प्रोजेक्टला मी एक्सटीएस सांगितला.

रॅमकडे येऊ. फायलीसाठी लागते त्यापेक्षा रॅम वेळ सांभाळायला जास्त लागते. एसडी कार्ड लिहिताना मध्येच स्वतःच्या आतल्या साफसफाईला लागतं आणि बिझी सांगून बसतं, स्टँडर्डप्रमाणे एसडीएचसी (३२ जीबीपर्यंतच्या) कार्डाला एका लिखाणाला २५० मिलिसेकंदांपर्यंत मुभा आहे, त्याहून मोठ्या एसडीएक्ससीला ५००. अर्धा सेकंद! सिरीयलवर फ्लो कंट्रोल (समोरच्याला थांब सांगायची सोय) नसेल तर तेवढ्यात आलेला डेटा सांडला. यूएसबीचं बरं आहे, डबी नुसतं थांब म्हणते आणि कॉम्प्युटर मुकाट थांबतो, काही सांडत नाही. म्हणून १६-३२ केबीचे दोन बफर (रॅममधल्या तात्पुरत्या टाक्या) पुरतात, एकात यूएसबी भरतोय, दुसऱ्यातलं एन्क्रिप्ट होऊन कार्डावर चाललंय, मग अदलाबदल. एफ४०५ ला १९२ केबी रॅम आहे, निवांत होतं. एक बारीक गोष्ट, त्यातली ६४ केबी सीसीएम रॅम आहे आणि तिथे डीएमए (सीपीयूशिवाय डेटा हलवणारा भाग) पोचत नाही, बफर चुकून तिथे ठेवला तर कार्ड नुसता कचरा वाचतं आणि माणूस दोन दिवस सोल्डरिंग तपासत बसतो. किल्ल्या आणि एईएसची टेबलं मात्र तिथे खुशाल ठेवा.

आता फायली ठेवायची मेमरी. इथे भाचीने एक चूक केली होती जी मी दरवर्षी कुणाकडून तरी बघतो. तिने फ्लॅश चिप शोधली होती, डब्ल्यू२५क्यू१२८, आणि १२८ एमबी समजली होती. तो १२८ मेगाबिट आहे, आठाने भाग, १६ एमबी. मेमरी चिपांच्या नावातले आकडे बहुतेक बिटमध्ये असतात, २४सी२५६ ईईप्रॉमसुद्धा ३२ केबीच. तर ही एसपीआय (काही मोजक्या तारांवर बोलणारी) नॉर जातीची फ्लॅश स्वस्त आहे, पायांची आहे, हाताने सोल्डर होते, पण १६ एमबीत दाजींच्या तीन पीडीएफ मावतील. वर ती ४ केबीच्या सेक्टरने खोडायची आणि एक सेक्टर साधारण लाखभर वेळा. सेटिंग, लॉग, फर्मवेअर (चिपेतला प्रोग्राम) अपडेट ठेवायला ठीक, फायलींना नाही.

नँड या दुसऱ्या जातीची कच्ची फ्लॅश मोठी मिळते पण ती कारखान्यातूनच काही खराब ब्लॉक घेऊन येते, वापरता वापरता आणखी होतात, त्यांची यादी ठेवणं, चुका दुरुस्त करणं, सगळ्या ब्लॉकवर झीज सारखी वाटणं, हे सगळं तुमच्या गळ्यात. चार मुलींचं अख्खं वर्ष त्यातच जाईल. ईएमएमसीत (फोनमध्ये असते ती बोर्डवरची मेमरी) हे सगळं करणारा कंट्रोलर आतच असतो, ८ बिटचा बस, वेग चांगला, आणि बोर्डला कायमची चिकटलेली असल्यामुळे कुणी कार्डासारखी उपसून नेत नाही. पण ती १५३ गोळ्यांची बीजीए, म्हणजे पाय नाहीत, पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या, हॉट एअर, स्टेन्सिल, एक्स-रे नसला तर देवाचं नाव घ्यायचं. कंपनीत आम्ही तीच वापरतो, घरी नाही.

राहिलं मायक्रोएसडी, आणि मी तेच सांगितलं. एसपीआयने जोडलं तर २५ मेगाहर्ट्झला एकच तार, ३ एमबीच्या आसपास कमाल, एसडीआयओने, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ४ बिटच्या वाटेने, त्याच घड्याळावर १२.५ एमबी, ५० मेगाहर्ट्झला २५. फुल स्पीड यूएसबीला एसपीआयसुद्धा पुरलं असतं, पण एफ४०५ ला एसडीआयओ फुकट आहे तर वापरा, सीपीयू एईएससाठी मोकळा राहतो. कार्ड उपसून कुणी नेलं तर? नेऊ दे की, त्यावर एन्क्रिप्ट केलेलंच आहे, किल्ली कार्डावर नाही. हीच तर परीक्षा आहे, कार्ड चोराच्या हातात देऊन रात्री झोप लागली पाहिजे. फक्त कार्ड पक्क्या बिलाचं घ्या, स्वस्तात मिळणाऱ्या कार्डांमध्ये ६४ चं लेबल आणि आत ८ असं सर्रास निघतं, आधी पूर्ण भरून, परत वाचून, ताडून घ्यायचं.

आणि एक गोष्ट मी तिला वहीत लिहायला लावली. उघडी फाईल कार्डावर क्षणभरसुद्धा उतरवायची नाही. त्यांचा प्लॅन होता की आधी फाईल कार्डावर घ्यायची, मग वाचून एन्क्रिप्ट करायची, मग मूळ फाईल डिलीट. पण फ्लॅशमध्ये डिलीट म्हणजे नुसती यादीतून नाव खोडणं, आणि तुम्ही त्याच जागी शून्य लिहिलं तरी कार्डाचा आतला कंट्रोलर झीज वाटण्यासाठी ते दुसऱ्याच जागी लिहितो, जुनं तिथेच पडून राहतं. म्हणून यूएसबीतून आलेला डेटा रॅममध्येच एन्क्रिप्ट होऊन मगच कार्डाकडे गेला पाहिजे.

आता दुसरा प्रश्न, किल्ली कुठे राहणार. माझ्या मते प्रोजेक्टचा जीव इथे आहे.

तिच्या कोडमध्ये एक ओळ होती, पिन बरोबर असेल तर फायली उघड. वाचायला निरागस वाटते. २०१० च्या जानेवारीत जर्मनीच्या एसवायएसएस या कंपनीने दाखवून दिलं की एईएस-२५६ आणि सरकारी सर्टिफिकेट असलेले नावाजलेल्या कंपन्यांचे पेन ड्राइव्ह असेच बनलेले होते, पासवर्ड कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर तपासायचं आणि बरोबर आला की ड्राइव्हला एक ठरलेला संदेश जायचा, पासवर्ड कुठलाही असो संदेश तोच. तो संदेश पाठवला की ड्राइव्ह उघडला. आणि २०१८ मध्ये नेदरलँड्सच्या राडबाउड विद्यापीठातल्या दोघांनी काही एसएसडींमध्ये त्याच जातीची चूक दाखवली, पासवर्ड आणि किल्लीचा एकमेकांशी संबंधच नव्हता. दाराला भलंमोठं कुलूप आणि चौकट भिंतीत बसवलेलीच नाही, असं ते.

बरोबर पद्धत अशी की पिनची तुलना कुठेच नाही, पिनमधूनच किल्ली तयार होते. डबी पहिल्यांदा सुरू झाली की ती स्वतः एक यादृच्छिक किल्ली बनवते, फायली त्या किल्लीने बंद होतात. ती किल्ली पिनमधून काढलेल्या दुसऱ्या किल्लीत गुंडाळून ठेवायची. चुकीच्या पिनाने गुंडाळी उलगडतच नाही. आणि पिन बदलला तर ३२ जीबी परत एन्क्रिप्ट करावं लागत नाही, ६४ बाईट नव्याने गुंडाळले की झालं.

पण पिन चार आकडी, म्हणजे एकूण १०,००० शक्यता. पिनमधून किल्ली काढायला मुद्दाम वेळ लावला, प्रत्येक वेळी ०.१ सेकंद, तरी १,००० सेकंदात, सतरा मिनिटांत सगळे पिन संपले. सहा आकडी केला तर २८ तास, आणि चोराने ती गुंडाळी कॉम्प्युटरवर नेली तर त्याहून कितीतरी कमी. अर्गॉन२ सारखी पद्धत भरपूर मेमरी खायला लावून चोराचा खर्च वाढवते, पण तिची छोटी शिफारस ६४ एमबी रॅमची आहे आणि आपल्याकडे १९२ केबी. म्हणून पिनची डबी गणिताच्या जोरावर टिकत नाही, ती टिकते चुका मोजण्यावर, दहा चुका झाल्या की गुंडाळी पुसून टाक. मग हा मोजणारा काउंटर अशा जागी पाहिजे जिथे चोराचा हात पोचत नाही. बाहेरच्या एफरॅममध्ये (वीज गेली तरी लक्षात ठेवणारी वेगळी मेमरी चिप) ठेवला तर चोर जुनी कॉपी परत लिहील, काउंटर पुन्हा शून्य. आणि काउंटर आधी वाढवायचा, पिनने गुंडाळी नंतर उलगडून बघायची, नाहीतर चूक कळल्याबरोबर कुणी वीज काढली की ती चूक मोजलीच गेली नाही.

म्हणून आतली फ्लॅश वाचू न देणारी चिप लागते, आणि इथे चिपाचिपांत जमीनअस्मानाचा फरक आहे. आरपी२०४०, २०२१ च्या पिको बोर्डावरचा कंट्रोलर, मला मनापासून आवडतो, २६४ केबी रॅम, स्वस्त, पण त्याची फ्लॅश बाहेर वेगळ्या चिपेत आहे, तिला तारा जोडल्या की आख्खं फर्मवेअर वाचून होतं. त्याचा २०२४ चा धाकटा भाऊ आरपी२३५० बराच सुधारला, आत ८ केबीची एकदाच लिहायची मेमरी, सही तपासून बूट होणं, यादृच्छिक आकड्यांचं इंजिन, सगळं आहे, फक्त यूएसबी अजून फुल स्पीड. एसटीएम३२एफ१०३, तो निळा बोर्ड सगळ्यांकडे असतो, पण त्याचं वाचनबंदीचं कुलूप तोडायची पद्धत उघड झालेली आहे आणि त्यात यादृच्छिक आकड्यांचं इंजिनही नाही. हे इंजिन नसणं मोठी गोष्ट आहे, किल्ली जर घड्याळावरून किंवा चिपच्या लोंबकळत्या, कशालाच न जोडलेल्या पायावरून बनवली तर चोराला ती ओळखायला २५६ बिट शोधावे लागत नाहीत, काही लाख शक्यता पुरतात.

एफ४०५ मध्ये ते इंजिन आहे, आणि वाचनबंदीची दुसरी पातळी आहे जी एकदा लावली की डीबगचं दार कायमचं बंद, आपल्यालाही. कायमचं म्हणजे कायमचं. आमच्याकडे एकदा चाचणीचं फर्मवेअर आत असताना एका लॉटला ती पातळी लागली, वीस बोर्डांच्या चिपा हॉट एअरने काढून नव्या बसवल्या, आठवडा गेला. म्हणून प्रोजेक्टच्या शेवटच्या दिवसापर्यंत पहिली पातळीच.

पण ही दुसरी पातळीही शेवटचं उत्तर नाही. २०२० च्या जानेवारीत क्रॅकेन या क्रिप्टोच्या बाजाराच्या सिक्युरिटी लॅबने दाखवलं की ट्रेझर हे क्रिप्टोचं पाकीट, ज्यात एसटीएम३२ च्याच एफ२ आणि एफ४ घराण्यातल्या चिपा होत्या, हातात पंधरा मिनिटं मिळालं तर व्होल्टेजला योग्य क्षणी झटका देऊन आतलं वाचता येतं, आणि एकदा गुंडाळी बाहेर आली की पिन शोधणं वर सांगितलं तेवढंच सोपं. २०२३ च्या मॉडेलमध्ये ट्रेझरवाल्यांनी सिक्युअर एलिमेंट घातला. म्हणजे खास असे झटके, उष्णता, लेझर यांना तोंड द्यायलाच बनवलेली छोटी चिप. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये पासपोर्ट छापले जातात, आणि नव्या ई-पासपोर्टच्या कव्हरमध्ये जी चिप असते ती याच विचाराची, साधा कंट्रोलर तिथे कुणी घालणार नाही. आपल्याला त्यातली साधी आवृत्ती मिळते, एटीईसीसी६०८, आठ पायांची, आय२सी वर (दोन तारांवर) बोलते, आत गुपित ठेवते जे कधीच बाहेर येत नाही, आणि फक्त पुढेच सरकणारा काउंटर आहे. पिन आणि आतलं गुपित मिळूनच किल्ली तयार होईल असं करायचं. मग चोराने कार्ड नेलं, एफ४०५ ची फ्लॅशही फोडली, तरी त्या छोट्या चिपेला विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती मोजून दहाच वेळा उत्तर देते. तारेवर कान लावता येतो म्हणून ते बोलणं झाकायची जी सोय चिपेत आहे ती चालू करायला विसरायचं नाही.

एवढं करूनही एक दार उघडंच राहतं हे मी तिला स्पष्ट सांगितलं. झेरॉक्सच्या कॉम्प्युटरला डबी लावून पिन दाबला की त्या क्षणी त्या कॉम्प्युटरला सगळ्या फायली दिसतात, त्यात व्हायरस असेल तर तो कॉपी करणारच. त्यावर दोन उपाय सुचले, एक तिचाच. कार्डाचे दोन भाग, दोन पिन, प्रिंटचा पिन दाबला तर फक्त प्रिंटच्या फायलींचा छोटा भाग दिसेल, बाकीचं दिसणारच नाही. दुसरा माझा, त्या मोडमध्ये डबीने कॉम्प्युटरला मी रीड-ओन्ली आहे असं सांगायचं आणि लिहायची प्रत्येक कमांड फर्मवेअरमध्येच नाकारायची, म्हणजे तिथला व्हायरस घरी येणार नाही. पिनची बटणं डबीवरच आहेत म्हणून कीलॉगरलाही (कीबोर्डवर दाबलेलं टिपून घेणारा प्रोग्राम) तो मिळत नाही.

तर ठरलं ते असं. एफ४०५, ६४ पायांचा, पाय अर्धा मिलिमीटर अंतराने, फ्लक्स लावून हाताने बसतो. आधी कार्ड स्लॉटसकट तयार बोर्ड घ्यायचा, पीसीबी नंतर. मायक्रोएसडी ४ बिटवर, एटीईसीसी६०८ शेजारी. फाईल सिस्टीमला फॅटएफएस, यूएसबीला टायनीयूएसबी, दोन्ही फुकट आणि खूप लोकांनी वापरलेली. पुढच्या वर्षी ज्युनिअर मुलींनी हे पुढे नेलं तर एफ७३३, २१६ मेगाहर्ट्झ, हाय स्पीडचा फाय आत, एईएस इंजिन आत, बहुतेक कोड तसाच चालेल.

जाताना तिने उनो पिशवीत टाकला आणि विचारलं, मामा पहिलं काय करू? म्हणलं एन्क्रिप्शनची एक ओळही लिहू नकोस. आधी नुसती फाईल आत घे आणि बाहेर काढ, १०० एमबीची, आणि वेळ लिही. मग एक्सटीएस घाल आणि पुन्हा वेळ लिही. दोन्ही आकडे सारखे आले तर आपला हिशोब बरोबर, नाही आले तर दोघं मिळून शोधू कुठे अडतंय. काल रात्री मेसेज आला, पहिला आकडा, १०० एमबीला ११२ सेकंद.